काकांच्या टॉवेलवरची माशी

माझ्या मावशीचं अक्षर मुंगीच्या पायाएवढं होतं, आणि त्याच्या जोरावर तिने एकतीस वर्षं नोकरी केली. वनखात्याच्या कीटकसंग्रहात टाचणीला टोचलेल्या प्रत्येक किड्याखाली नखाएवढी चिठ्ठी असते: कुठे सापडला, कधी, कशावर आणि कोणी पकडला. त्या चिठ्ठ्या मावशी लिहायची. हजारो चिठ्ठ्या, हजारो नावं, पण मावशीचं नाव एकाही चिठ्ठीवर नाही. नियमच होता, जो पकडेल त्याचं नाव. आणि मावशीला टेबल सोडून जंगलात कोण पाठवणार?

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा तिने एक रिकामी टाचणी मनावर घेतली. कुजक्या लाकडात वाढणारी एक काळी, पिवळ्या पट्ट्यांची जंगली माशी होती. पेटीत तिचे नर सात, मादी एकही नाही. साहेब म्हणायचे, आपल्या जंगलात मादी मिळतच नाही.

"मग हे सात नर काय आभाळातून पडले?" मावशी घरी येऊन म्हणाली. पुढच्या रविवारी रीतसर परवानगी काढून तिने जंगलाच्या कडेचा एक कुजका ओंडका पोत्यात घालून आणला, बसने!

ओंडक्याला ओल लागते, म्हणून तो बाथरूममध्ये गेला, मच्छरदाणीखाली. मी तेव्हा मावशी-काकांकडे शिकायला राहिले होते. काकांनी कपाळाला हात लावला. "लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात. आमच्याकडे सडकं लाकूड!" पण मावशी विसरली तर ओंडक्यावर पाणी कोण शिंपडायचं? काकाच. तोंडाने करवादायचे आणि हाताने शिंपडायचे.

दोन वर्षांत ओंडक्यातून बुरशी निघाली, गोगलगाय निघाली, एकदा झुरळही निघालं आणि काकांच्या आत्याच्या अंगावर चढलं. माशी काही निघेना. निवृत्तीला चार दिवस उरले, तेव्हा मावशीने ओंडक्याकडे बघायचंच सोडलं. मला फार वाईट वाटायचं.

त्या सकाळी ती कामावर गेली आणि काका अंघोळीला. थोड्या वेळाने आतून दबकी हाक आली, "ए पोरी, मावशीला फोन लाव! बाईसाहेब आल्यात म्हणावं."

"कोण बाईसाहेब?"

"अगं मादी! दोन डोळ्यांच्या मध्ये चांगली फट आहे, नराला नसते. जाळीतून सुटून माझ्या टॉवेलवर बसलीये."

"मग टाका ना वर तांब्या उपडा! नाहीतर थांबा, मीच..."

"खबरदार! एक तर माझ्या अंगावर साबणाशिवाय काही नाही. आणि जो पकडेल त्याचं नाव लागतं. माझं नाव तिथे लावून काय पूजा करायचीये?"

मावशीचं ऑफिस पाऊण तासावर. पाऊण तास काका साबणाने माखलेले, जागच्या जागी उभे. पाणी घ्यावं तर माशी उडेल, टॉवेल ओढावा तर उडेल. शिंक आली की नाक दाबायचं. मी दर पाच मिनिटांनी दाराबाहेरून विचारायचे, "आहे का?" आतून दात वाजवत उत्तर यायचं, "आहे."

मावशी धापा टाकत आली ती चपलांसकट, हातात बाटली घेऊन आत घुसली. दार लागलं. मग ती इतक्या मोठ्याने हसली की शेजारीण काय झालं म्हणून दारात आली.

शेवटच्या दिवशी मी आणि काका तिला आणायला ऑफिसात गेलो. माशी टाचणीवर होती. मावशी चिठ्ठी लिहीत होती: कुठे, कधी, कशावर. 'कोणी पकडली' पाशी तिचं पेन थांबलं. इतकी वर्षं सगळ्या जगाची नावं लिहिलेल्या त्या हाताने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.

काकांनी नाक ओढलं.

"लिही आता," ते म्हणाले. "ही सर्दी मला काय साहेबांसाठी झालीये?"