चेक निघेपर्यंत शर्ट बदलायचा नाही

सोमाटणे फाट्यावरची निम्मी पोरं नोकरी बदलण्याआधी माझा सल्ला घेतात. आता गाडीचं चाक माझ्या हातात उघडं पडलेलं असताना त्यांना उठून जाता येत नाही, ही गोष्ट वेगळी!

पंक्चरच्या दुकानाचं असंच असतं. टायरमधून निघालेला खिळा मी डब्यात टाकतो आणि माणसाच्या तोंडून निघालेलं पोटात. डबा भरला की भंगारवाला नेतो. पोट भरलं की मात्र मलाच कुणाला तरी धरून बसवावं लागतं. यंदा ते एकट्या निलेशच्या होम लोननं भरलं.

निलेश आमच्याच गल्लीतला. तळेगावच्या एमआयडीसीत मशीनवर होता. दोन खोल्या, त्यात आई, धाकटा भाऊ, बायको आणि हा. नवरा-बायकोला भांडायचं झालं तरी माझ्या दुकानामागं यावं लागतं! म्हणून दोघांनी फाट्याजवळच्या नव्या बिल्डिंगीत फ्लॅट बुक केला. लोन मंजूर झालं, फक्त बिल्डरच्या नावाचा चेक निघायचा राहिला. आणि नेमकं तेव्हाच चाकणच्या कंपनीचं बोलावणं आलं. पगार जास्त, नोकरी परमनंट, पण एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला.

*

लोनचा एजंट दुकानात हवा भरायला आला, तेव्हा निलेश आणि त्याची बायको प्राजक्ता दोघंही तिथंच होती. निलेशनं आडून आडून विचारलं, "समजा, चेक निघायच्या आधी काही बदललं तर?"

एजंट दचकला. "काही म्हणजे काही बदलू नका! नोकरी नाही, पत्ता नाही, मोबाईल नंबर नाही."

"आणि बायको?" मी विचारलं.

"आबा, ती तर अजिबात नाही. को-ॲप्लिकंट आहे!"

प्राजक्ता लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. दिवसभर तिथं उद्धट पाहुण्यांशी गोड बोलते, त्यामुळं घरी आणायला गोडवा उरत नाही. निलेशला म्हणाली, "ऐकलंत? माझं नाही तर नाही, बँकेचं ऐकून तरी नीट नांदा!"

*

आमच्या बाकड्यावर रंगनाथ नावाचा एक रिटायर्ड रेल्वेवाला बसतो. निलेशचा पेच कळल्यावर त्यानं मान हलवली.

"आजकालच्या पोरांना दम म्हून न्हाई. मला इचार! नोकरी बदलनं म्हंजी काय, ते मला आयुष्यात ठाव न्हाई."

"नोकरी करनं म्हंजी काय, ते तरी कुटं ठाव हाय तुला?" मी म्हणालो.

रंगनाथ रागानं उठला. स्टँडपर्यंत गेला आणि परत आला. त्याला दुसरीकडं बसायला जागाच नाही!

*

शेवटी निलेश एक तारखेला चाकणला हजर झाला. बँकेला सांगितलं नाही आणि आईलाही नाही. त्याची आई सुमनवहिनी फार प्रेमळ बाई, पण तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून हा रोज सकाळी जुन्या कंपनीचा निळा शर्ट घालून घरातून निघायचा. मग माझ्या टायरच्या ढिगामागं जाऊन पिशवीतला करडा शर्ट चढवायचा आणि चाकणच्या बसमध्ये बसायचा. संध्याकाळी येताना उलटं. दुकानाला मी 'पंक्चर व चेंजिंग रूम' अशी पाटी लावायच्या बेतात होतो.

एकदा बस लवकर आली. निलेश निळ्यावरच पळत जाऊन चढला, पिशवी राहिली माझ्याकडं. चाकणच्या गेटवर सिक्युरिटीनं शर्ट पाहिला आणि विचारलं, "व्हिजिटर का?"

निलेश पडला सरळ. घाबरून 'हो' म्हणाला. सिक्युरिटीनं पाहुण्याचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि त्या पट्ट्यासकट पठ्ठ्यानं अख्खी शिफ्ट मशीन चालवली!

मला वाटलं, रडत येईल. आला तर चेहरा फुललेला. "आबा, नोकरीला लागल्यापासून आज पहिल्यांदा मला कुणीतरी 'बसा' म्हणालं. वर चहा विचारला!"

*

अनोळखी नंबर दिसला की त्याला घाम फुटायचा. बँकेचाच असणार! मग तो आवाज दाबून म्हणायचा, "सर, मी तळेगावच्या कंपनीतच आहे. मशीनवर आहे."

एकदा आम्ही शिरगावला एका लग्नात होतो. नवरदेव मांडवाच्या दारात, वाजंत्री भरात, आणि निलेशचा फोन वाजला.

"हो सर, कंपनीतच आहे. मशीनचा आवाज आहे सर!"

पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्या मशीनची सनई फारच सुरेल आहे हो. मी पाण्याच्या फिल्टरसाठी फोन केला होता."

*

आता ऐका त्या रविवारचं.

एक तरणाबांड पोरगा मोटरसायकलवरून आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, बोलणं एकदम मऊ. माझ्या दुकानाशी थांबून म्हणाला, "आजोबा, निलेशच्या घरची माणसं कशी आहेत? जरा माहिती हवी होती."

आमच्याकडं घरची माणसं कशी, हे कोण विचारायला येतं? मुलीकडचे! निलेशचा धाकटा भाऊ गणेश लग्नाचा होता आणि वहिनी कधीच्या स्थळाची वाट बघत होत्या. बँकेचा माणूस तर लोन मंजूर व्हायच्या आधीच येऊन गेला होता. तो दारातूनच बँकेचं नाव घेऊन ओरडला होता, सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. हा तसा वाटतच नव्हता. मी ओळखलं, हा मुलीचा भाऊ!

लग्नाच्या चौकशीत हात आखडता घ्यायचा नसतो. मी म्हणालो, "घर कसलं, देव्हारा हाय!" रंगनाथ म्हणाला, "पोरं सुपारीलासुदिक शिवत न्हाईत." रंगनाथनं तोंडातला तंबाखू गालात सरकवून हे सांगितलं.

आम्ही दोघांनी पोराला मिरवत वहिनींकडं नेलं. वहिनींनी एका नजरेत जोखलं आणि पोहे टाकले. पोरगा 'नको, नको' म्हणत दोन बशा जेवला. मग त्यानं विचारलं, "मावशी, घर स्वतःचं?"

"सोताचं. आन आता फाट्याला फ्लॅटबी घेतोय."

"मुलं काय करतात?"

"धाकला टुरिझममधी हाय." गणेश कार्ल्याच्या पायथ्याला लिंबू-सरबत विकतो!

"आणि मोठे? तळेगावलाच ना अजून?"

वहिनींना वाटलं, हा आपल्याला कमी लेखतोय. पदर सावरून म्हणाल्या, "छ्या! तळेगावची कवाच सोडली त्यानं. आता चाकनला हाय. लय मोठी कंपनी. परमनंट!"

मी आ वासून बघत राहिलो. ह्यांना कुणी सांगितलं? पण म्हटलं, असू दे. स्थळासाठी चांगलंच आहे.

पोरगा हात धुऊन उठला, वहिनींच्या पाया पडला. बाहेर येऊन त्यानं मोबाईल काढला आणि घराचा फोटो घेतला. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "बघा आबा, पोरीला दाखवाया नेतोय!"

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. मुलीचा भाऊ बँकेचा निघाला. चेक थांबला!

*

निलेश घरात थयथयाट करत होता. "आई, तुला चाकणचं कळलंच कसं?"

"शर्ट कोन धुतं? तू? निळा कोराकरकरीत यायचा आन करडा तेलानं माखल्याला. मी काय आंधळी हाय व्हय?"

"आणि परमनंट? ते कुणी सांगितलं?"

"तुमी दोगं आबांच्या दुकानामागं भांडता ते निम्म्या फाट्याला ऐकू जातं. मी तर सख्खी आई हाय!"

निलेश खाली बसला. प्राजक्ता कोपऱ्यात उभी होती. रिसेप्शनवर उभी असते तशी, ताठ, पण हसू नव्हतं. एवढंच म्हणाली, "बिल्डर दिवाळीपर्यंत थांबेल. मग फ्लॅट दुसऱ्याला."

वहिनी तिच्याकडं बघेनात. पोह्याच्या बशा घासलेल्याच होत्या, त्या परत घासायला घेतल्या.

*

मग आम्ही तिघं बँकेत गेलो. मला नेलं घरातला मोठा माणूस म्हणून. म्हणजे, प्राजक्ता 'नको' म्हणत होती, मीच रिक्षात आधी जाऊन बसलो.

मॅनेजर माणूस सज्जन दिसला. आम्हाला पाणी दिलं. मग निलेशला म्हणाला, "तुम्ही आधी सांगायला हवं होतं. आता फाईल पुन्हा नव्यानं. चाकणचे काही पगार खात्यात दिसू देत, मग बघू."

"कधीपर्यंत?" प्राजक्तानं विचारलं.

"दिवाळीच्या आत अवघड आहे, मॅडम."

तिनं पर्सचा बंद घट्ट धरला. निलेश फरशीकडं बघायला लागला. मला राहवलं नाही.

"सायेब, पोरगं पुढं गेलंय का मागं? पगार वाढला, नोकरी पक्की झाली. मग कर्ज बुडायची भीती वाढली का कमी झाली?"

"आबा, तुमचं पटतं मला. पण बँकेला स्थिर माणूस लागतो. एका जागी टिकलेला."

"आसं?" मी खुर्ची पुढं ओढली. "तुमी ह्या बँकेत कदीपासून?"

"मागच्याच महिन्यात आलो."

"आन त्याच्या आदी?"

"दुसऱ्या बँकेत होतो."

मी टेबलावर थाप मारली! शिपाई चहा घेऊन येत होता तो दारातच थांबला. निलेशनं मान वर केली. मी म्हणालो, "मग सायेब, तुमीच सांगा! तुमच्यासारख्या उड्या मारनाऱ्या मानसाला कोनती बँक घरासाठी कर्ज देईल?"

मॅनेजर रागावला नाही. त्यानं निलेशची फाईल उचलली आणि तिच्या खालच्या फाईलवर बोट ठेवलं.

"ही माझी आहे, आबा. कुणाकडं वशिला असेल तर दोन्हीचं बघा."