कुंकू लावलेला कॅमेरा

ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर धाकूकाका राहतात. खोपटच्या एसटी डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण नजर अजून ड्युटीवरच आहे. जिन्यात माझ्या हातात मोठी पिशवी दिसली की आधी पिशवीकडे बघतात, मग माझ्याकडे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या सासूबाई गावाहून त्यांच्याच गाडीत चढल्या, बरोबर फणसांचं पोतं. जावयाने वाकून नमस्कार केला, खिडकीची जागा दिली आणि पोत्याचं लगेज तिकीट फाडलं. शीलाकाकू म्हणतात, "तेव्हापासून आईने घरी फणस म्हणून पाठवला नाही. गरे खायला मला माहेरी जावं लागायचं."

अशा माणसाबरोबर मी माझी देवयानी काठमांडूला पाठवली. तिला खरं तर मैत्रिणींबरोबर जायचं होतं. मी म्हटलं, काका-काकू पशुपतिनाथाला चाललेच आहेत, त्यांच्या टूरमध्ये जा.

"आई, मी तेवीस वर्षांची आहे."

"म्हणूनच सांगतेय."

परतायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. कल्याणच्या एका फोटो स्टुडिओने तिला लग्नांच्या कामासाठी घेतलं होतं. अट एकच, कॅमेरा स्वतःचा हवा, आणि पहिलं लग्न सोमवारी. तिला हवा होता तोच कॅमेरा तिथे इथल्यापेक्षा स्वस्त मिळाला. साठवलेलं सगळं त्यात घालून ती मोकळी झाली होती. आनंद व्हायचा सोडून मी कराचा हिशेब करायला लागले. बाहेरून ठरावीक किमतीपर्यंतच्याच वस्तू कर न भरता आणता येतात, एवढं मला ठाऊक होतं. हा कॅमेरा त्या मर्यादेत बसणारा नव्हता.

"अगं, कस्टमवाल्यांनी ठेवून घेतला तर सोमवारी काय करशील?"

काकूंनी तिच्या हातातून फोन घेतला. "तू जीव टांगणीला लावू नको गो. खोका टाकला, बिल पर्सच्या तळाशी. कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि जुना म्हणायचं. टूरमधले सगळे हेच करतायत. फक्त आमच्या ह्यांच्या कानावर घालू नकोस."

माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच. दुसऱ्या दिवशी मी मुंबईच्या विमानतळाबाहेर विमान उतरायच्या कितीतरी आधी जाऊन उभी राहिले. टूरची माणसं एकेक करत बाहेर आली. गळ्यात रुद्राक्ष, चेहऱ्यावर निष्पाप भाव. आमचे तिघे मात्र येईनात. देवयानी फोन उचलेना. माझ्या मनात तोवर कॅमेरा जप्त झाला होता, नोकरी गेली होती आणि मुलीचं नाव पेपरात आलं होतं.

आत घडलं ते असं. कर लागण्याजोगं काही नाही असं म्हणणाऱ्यांच्या हिरव्या मार्गाने देवयानी निघाली होती, दार पाच पावलांवर होतं, आणि मागून ट्रॉली ढकलत आलेले काका म्हणाले, "थांब बाय. हा कॅमेरा कधी घेतलास?"

"जुना आहे, काका."

"जुन्याला कुंकू?"

नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरणं काकूंच्या रक्तातच नाही. पशुपतिनाथाच्या दारात त्यांनी कॅमेऱ्याला ठसठशीत हळदकुंकू लावलं होतं, वर पट्ट्याला झेंडूचं फूल.

"अहो, दसऱ्याचं राहिलं असेल," काकू म्हणाल्या.

"वैशाख चाललाय. फूल अजून टवटवीत कसं गो?"

काकांनी ट्रॉली लाल मार्गाकडे वळवली. त्यांच्या मागे काकू, त्यांच्या मागे रडवेली देवयानी.

"बोला आजोबा," तिथला अधिकारी म्हणाला.

"लगेज आहे. फाडा."

त्याने हसू दाबलं, बिल मागितलं, मर्यादेवरच्या रकमेचा कर लावला. देवयानीने कार्डाने भरला. तेवढ्यात काकांनी स्वतःची बॅग उघडून लोकरीची कानटोपी पुढे केली. "हिला?" "हिला काही लागत नाही, आजोबा." "नक्की ना? नीट बघा. नवीन आहे."

तिघं बाहेर आले. गळ्यात कॅमेरा दिसला आणि माझ्या जिवात जीव आला, पण तोंडातून भलतंच निघालं. "काका, पोर निघाली होती ना सरळ बाहेर!"

काका जराही चिडले नाहीत. "वहिनी, तिकीट काढलेला माणूस खिडकीतून डोंगर बघतो. न काढलेल्याला रस्ताभर माझाच चेहरा दिसायचा. पोरीने सोमवारी नवरानवरीकडे बघायचं की दाराकडे?"

"आता कळलं ना, फणस का बंद झाले ते?" काकू मला म्हणाल्या.

कर धरून कॅमेरा कल्याणच्या दुकानाच्याच भावाला पडला. ते आम्ही काकांना सांगितलेलं नाही. सांगितलं तरी ते म्हणतील, मग बरोबरच आहे.

सोमवारी देवयानी निघाली तेव्हा मी जिन्यात मागे धावले आणि कर भरल्याची पावती तिच्या बॅगेच्या कप्प्यात सरकवली. मी ती प्लास्टिकमध्ये घालून आणली होती.

"आई, मी कल्याणला चाललेय. तिथे कस्टम नाही!"

"असू दे गं. कोणी विचारलंच तर."

खाली दारात धाकूकाका कानटोपी घालून उभे होते, भर उन्हाळ्यात. त्यांनी बॅगेकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि कंडक्टर घंटीची दोरी ओढतो तसा हवेतच दोनदा हात ओढला.