वाऱ्यात उभा राहणारा

चेन्नईत मी नवा होतो. डिसेंबरातल्या एका सकाळी पेरुंगुडीच्या बसथांब्यावर, दलदलीवरच्या आभाळात फडफडणाऱ्या पक्ष्याकडे बघत मी बायकोला फोनवर सांगत होतो, "शिक्रा! शंभर टक्के शिक्रा!"

"शिक्रा नव्हे तें," मागून कोणीतरी म्हणालं. मराठीच, पण तमिळ हेलातली, तंजावरची. साठीचे गृहस्थ, हातात वायरची विणलेली पिशवी. "शिक्रा वाऱ्यांत उभा राहात नाही. हें पाहा."

पिशवी बाकावर ठेवून त्यांनी हात पसरले, मान खाली घातली आणि पंजे थरथरवले. "पंख हालतात, डोकें हालत नाही. खाली उंदीर आहे कीं!"

फोन खिशात टाकून मीही हात पसरले. माझं डोकं हलत होतं, म्हणून त्यांनी एका बोटानं माझं कपाळ दाबून धरलं. वर तो तांबूस पक्षी, खाली आम्ही दोघं. तिघंही जागच्या जागी फडफडत होतो. मला हसू आवरेना.

तेवढ्यात तिथं कधीच न थांबणारी अड्यारची बस करकचून थांबली. इतके हात हलताना बघून ड्रायव्हर घाबरला असावा. गृहस्थ पिशवी उचलून टुणकन चढले.

"नाव काय?" मी ओरडलो.

"सिवप्पु वल्लूरु!" ते दारातून ओरडले.

दुपारपर्यंत मी ऑफिसभर सांगत होतो, आज वल्लूरु नावाचे भन्नाट गृहस्थ भेटले. शेवटी शेजारच्या टेबलावरची तमिळ बाई हसून म्हणाली, "सार, वल्लूरु म्हणजे ससाणा. सिवप्पु म्हणजे लाल."

मी त्यांचं नाव विचारत असेन, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.