रफूवाल्या ताईंची उत्तरं

रफूवाल्या ताई कॉपी करतात, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

वाचनालयामागच्या खोलीत मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. ताई पन्नाशीच्या, लाँड्रीत कपड्यांना रफू करणाऱ्या. गिऱ्हाइकांच्या इंग्रजी चिठ्ठ्या दरवेळी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा कंटाळा आला, म्हणून वर्गाला आल्या. तोंडातून एक वाक्य धड निघत नसे. पण उताऱ्यावरच्या प्रश्नांना कायम दहापैकी दहा! शेजारच्या ड्रायव्हरकाकांना जेमतेम सहा. मग ह्या बघून लिहितात तरी कुणाचं?

मी पाळत ठेवली. त्यांना एकटीला पहिल्या बाकावर बसवलं. दहा. उतारा पुस्तकातला न देता घरून लिहून नेला. दहा. एकदा खिडकी लावायच्या निमित्ताने त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, तर मान न वळवता म्हणाल्या, "काही हरवलंय का बाई?" मी ओशाळले, पण संशय काही जाईना.

शेवटी मी डाव टाकला. एक उतारा रचला, त्यातले निम्मे शब्द माझ्या मनाचे. कुणा 'ग्लोम'ने 'त्रिव्ह'जवळ 'प्लास्क' केलं, असला प्रकार. ड्रायव्हरकाका डोकं धरून बसले. ताईंनी दहा मिनिटांत वही पुढे सरकवली. सगळं बरोबर.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना थांबवलं.

"ताई, ग्लोम म्हणजे काय?"

"ते कुठे विचारलं होतंत?"

"मग उत्तर कसं लिहिलंत?"

त्यांनी प्रश्नातल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि उताऱ्यात तोच शब्द दाखवला. "हा जिथे सापडेल, ती ओळ उतरवायची. चुकतं का?"

"चुकत नाही."

"मग महिनाभर माझ्याकडे चोरासारखं का बघताय?"

मी घरी येऊन सात वर्षांचे जुने प्रश्न काढले. अर्थ कळल्याशिवाय सुटणार नाही असा त्यात एकही नव्हता. इतक्या जणांना मी पास केलं. त्यातल्या कितींना खरंच काही कळलं होतं? आता माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

पुढच्या तासाला छोटा उतारा दिला. एक बाई टेबलावर दोन कप मांडते, जरा थांबते आणि एक परत ठेवून देते. प्रश्न एकच: का?

ताईंनी उतारा तीनदा पालथा घातला. मग एकेका शब्दाचा अर्थ विचारत राहिल्या. बऱ्याच वेळाने लिहिलं, "मॅन डेड. शी फरगेट."

मी व्याकरणाचे गुण कापून दहापैकी पाच दिले. त्या उसळल्याच. "उतरवलं तेव्हा दहा, आणि डोक्यातून काढलं तर पाच? हा कुठला न्याय?"

मी पाचाचे आठ केले.

वर्षअखेरीला त्या काठावर पास झाल्या, पण वर्ग सोडला नाही. आता मी फळ्यावर प्रश्न लिहिला की पेन उचलण्याआधी मला निरखून बघतात आणि विचारतात, "बाई, खरं सांगा, ह्याचं उत्तर उताऱ्यात आहे का नाही?"