घरी जाऊन कळवतो

बीएस्सी करून मी टेंभुर्णीला परत आलो तेव्हा गल्लीतली माणसं मला राम राम घालायची सोडून ‘मंग, लागला का कुठं?’ एवढंच विचारायची. नव्वदच्या आसपासची गोष्ट. लागलो नव्हतो, त्यामुळे सगळ्यांच्या उपयोगी पडत होतो. कुणाच्या सासूला जालन्याच्या दवाखान्यात न्यायचं असो, कुणाच्या लग्नात पंगत वाढायची असो, रिकामा माणूस म्हटलं की माझं नाव पुढे यायचं. दुसरं साल उजाडलं तसे वडील जेवताना माझ्याशी बोलेनासे झाले. रागावले नव्हते. विचारण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागायचं.

माझी नोकरी शोधायचं काम थोरल्या काकांनी अंगावर घेतलं. आमच्या भावकीतल्या झाडून साऱ्या सोयरिकी काकांनी जुळवलेल्या. बोलणी कशी करावी, कुठे ताणावं, कुठे सोडावं हे त्यांना बरोबर कळायचं. नोकरी आणि सोयरीक यांत त्यांना काही फरक दिसत नव्हता.

“दोन्हीकडं काय बघत्यात? पोरगं बघत्यात, घर बघत्यात. मध्ये चांगला माणूस पाह्यजे, बस.”

मधला माणूस सापडला. गावात कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट होते. ते बघायला जालन्यातल्या एका बियाणे कंपनीचा सुपरवायझर मोटारसायकलवर यायचा. काकांनी त्याला दोनदा जेवू घातलं. एक दिवस तो म्हणाला की साहेबांना प्लॉट फिरायला एक शिकलेला पोरगा हवाय, गुरुवारी या. त्याने ‘ये’ म्हटलं असतं तर कदाचित पुढचं टळलं असतं. ‘या’ म्हणाला, आणि काकांनी माणसं ठरवली.

काका, वडील आणि आमचे शेजारी चाचा. चाचा शिंपी होते, मुलाखतीसाठीची माझी पँट त्यांनीच शिवली होती. त्यांना कशाला न्यायचं, असं मी विचारलं. काका म्हणाले, “आपल्या पोराची तारीफ आपण करू न्हाई. ती बाहेरच्यानं करायची असती.” मला वेगळी सूचना होती. बोलणी थोर माणसं करतात, मुलगा बसून राहतो. “तू मध्ये तोंड घालू नको. आगाऊ दिसतं.”

गुरुवारी सकाळच्या एसटीने निघालो. काकांनी धुतलेलं धोतर आणि लग्नातला फेटा काढला होता. कंपनीच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलासमोर दोनच खुर्च्या होत्या. शिपायाने आणखी दोन आणल्या, तोवर आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. साहेब फार मोठा नव्हता, पस्तिशीचा असेल. त्याने आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

“यातले उमेदवार कोण?”

“ह्यो,” काका म्हणाले. “मी थोरला चुलता. हे वडील. अन् हे आमचे शेजारी, पण घरच्यासारखे.”

साहेबाने मला शिक्षण विचारलं, ते काकांनी सांगितलं. उन्हातान्हात फिरावं लागेल म्हणाला, तर काकांनी आमची जमीन किती आणि कुठे ते सांगितलं. मोटारसायकल येते का, याला वडील म्हणाले, “शिकंल की.” मला मोटारसायकल चांगली येत होती. मी मान हलवली, पण ती कुणी पाहिली नाही. मग चाचांची पाळी आली.

“साहेब, पोरगा बिलकुल सीधा है. बिडी न्हाई, पत्ते न्हाई. बचपन से देखताय मैं.”

साहेब हसला. चांगलं हसला, टिंगल नव्हती त्यात. म्हणाला, “मला गावाकडचाच मुलगा पाहिजे होता. माणसं अशी सोबत येतात म्हणजे शेतकरी याचं ऐकतील. सोमवारपासून येऊ द्या.”

आता इथे गप्प बसून पाया पडायचं, एवढंच काम उरलं होतं. पण मुलीकडच्यांनी कितीही आग्रह केला तरी मुलाकडच्यांनी तिथल्या तिथे होकार द्यायचा नसतो. काकांनी उभ्या आयुष्यात कधी दिला नव्हता. त्यांनी फेटा सारखा केला, हात जोडले आणि म्हणाले, “लई चांगलं झालं साहेब. आम्ही घरी जाऊन, चार माणसांत बसून, कळवतो.”

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या काचेकडे पाहत बसलो होतो, जसं मला सांगितलं होतं तसं. तो म्हणाला, “बरं. कळवा.”

स्टेशनजवळ चहा घेताना तिघेही खुशीत होते. मी म्हणालो, “काका, ही सोयरीक न्हाई. सोमवारी जायला पाह्यजे.”

“सोयरीकच हाये. जन्मभर नांदायचं तिथं. लगेच हो म्हणलं की आपण हपापल्यासारखं दिसतो. जरा दम धर.”

वडील काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. थोरल्या भावापुढे ते कधी बोलले नव्हते. सोमवार गेला. मंगळवारी काकांना दिवस पटला नाही. शेवटी पुढच्या गुरुवारी काका आणि मी गेलो. सोबत नारळ होता आणि पेढे होते. ऑफिसच्या दारात आमच्याच तालुक्यातला एक मुलगा कंपनीची पिशवी खांद्याला लावून मोटारसायकल चालू करत होता. साहेब बाहेर आला आणि अगदी नीट बोलला.

“तुम्ही कळवतो म्हणालात, मी समजलो की नको आहे. आमच्यात नको असलं की असंच म्हणतात.”

आमच्यातही असंच म्हणतात, हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी पेढ्यांचा पुडा शिपायाच्या हातात दिला. “घ्या, पोराबाळांना होतील.” फिसकटलेल्या जागेवरून गोड परत आणत नाहीत. नारळ मात्र पिशवीतच राहिला आणि गावापर्यंत एसटीच्या हिसक्यांनी माझ्या गुडघ्यावर आपटत आला.

मला फार राग आला होता. पुढे कितीतरी महिने मी काकांशी कामापुरतंच बोललो. सोयरिकींची बोलणी त्यांनी कमी केली. गल्लीत विचारणं चालूच राहिलं. शेवटी अंबडला एका खत-बियाण्याच्या दुकानात मी एकटाच गेलो, विचारलं आणि उभ्या उभ्या कामाला लागलो.

दोन वर्षांनी माझ्यासाठी अंबडजवळच्या एका घरी मुलगी बघायला गेलो. काका यायला तयार नव्हते, वडिलांनी आग्रहाने नेलं. मुलगी पाहून झाली. चहा झाला. तिचे वडील सतरंजीवर जरा पुढे सरकले.

“मंग, काय ते सांगा.”

आमच्याकडची सगळी माणसं काकांकडे पाहायला लागली. पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. काकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि तो दोन्ही हातांनी धरून बसले.

“आमचा होकार हाये. आत्ताच सांगतो.”

वडिलांनी त्यांच्या कोपराला हात लावला. काकांनी तो सोडवला.

“न्हाई. कळवतो म्हणून गेलं की जागा भरून जाती.”

मुलीकडची माणसं मोठ्याने हसली. त्यांना वाटलं, थोरले पाहुणे गमतीदार आहेत. वडील सतरंजीकडे पाहत राहिले. काका माझ्याकडे पाहत होते.