बॅटरी माझी, चार्जर भाऊजींचा

“तुमच्या बॅटरीनं माहा चार्जर खाल्ला, वहिनी.”

“बॅटरी काय खाते, भाऊजी? तुमचा चार्जरच नासका निघाला. वास घेऊन पाहा, अजून येऊन राह्यला.”

“वास तुमच्या बॅटरीचा बी असू शकते.”

“माह्या बॅटरीले वास नाही. माही बॅटरी आंघोळ करून, हळदीकुंकू लावून बसली आहे.”

हे माझं शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवा. माझी सगळी फजिती त्यात आहे, आणि मी ते चारचौघांत छाती काढून बोलले होते. अशी फजिती दुसऱ्याची असती तर मी ती गावभर केली असती. स्वतःची आहे म्हणून लपवावी, असा माझा स्वभाव नाही. ऐका.

महाराष्ट्र नवाच झाला होता. मलकापूरला आम्ही मुलींचं बोर्डिंग चालवत होतो. खेड्यापाड्यांच्या पोरी तिथं राहून हायस्कूल शिकायच्या. भांडण चाललं होतं बोर्डिंगच्या ओसरीवर, खंडेनवमीच्या भर दुपारी. माझ्यासमोर नाना वकील, म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ आणि बोर्डिंगच्या कमिटीचे अध्यक्ष. मागे नाकाला पदर लावून उभ्या सगळ्या पोरी. आणि पायरीवर वरवट बकाल गावचे किसनराव, मुलीची पत्र्याची पेटी हातात घेऊन.

तुम्ही म्हणाल, पोरींच्या बोर्डिंगात बॅटरीचं काय काम?

त्या श्रावणात स्वयंपाकघराच्या खिडकीतून चोर शिरला होता. पितळी घागर नेली, परात नेली, सुमनच्या पेटीतलं नवं लुगडं नेलं. पोरी ओरडल्या, नाही असं नाही. पण आमचं बोर्डिंग रेल्वेच्या रुळाला लागून. नेमकी मालगाडी आली. आणि मालगाडी जात असली की मलकापुरात माणसाला स्वतःचं खोकणंही ऐकू येत नाही. कोणी धावून आलं नाही.

सुमन ही किसनरावांची मुलगी. हुशार म्हणजे किती, तर तिच्या वह्या बघून मास्तर आपले हिशेब तपासायचे. वरवट बकालच्या बाकी घरांनीही किसनरावांकडे बघूनच पोरी पाठवल्या होत्या. चोरीचं कळल्यावर ते आले आणि एवढंच म्हणाले, “बाई, घागर गेली, घागर येईन. पोरगी काही पितळेची नाही.” दसऱ्याला मुलीला न्यायला येईन, तोवर बंदोबस्त दिसला तर परत पाठवीन, नाही तर ती घरीच राहील, असं त्यांनी सांगून टाकलं. घरी राहील म्हणजे दिवाळीनंतर तिचं लग्न लागेल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी स्वतः शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती भावाच्या पाटीवरून, तो जेवायला बसला की. त्यामुळं शिकणारी पोर पुस्तक मिटून घरी जाते म्हटलं की माझं डोकं फिरतं.

कमिटी बसली. विजेची घंटा बसवायची, यावर सगळ्यांचं एकमत. प्रत्येक दाराखिडकीला तार, दार उघडलं की तार सुटते आणि घंटा वाजते. प्रश्न एवढाच उरला, की ही घंटा चालवायची कशावर? त्यावर दोन बैठका गेल्या.

नाना म्हणाले, घरात विजेची लाईन आहे, लाईनवर जोडा. मी विचारलं, कोणती लाईन? वारा सुटला की जाते ती, का ढग दिसला की जाते ती? चोर काय लाईन यायची वाट पाहत दारात विडी ओढत बसणार आहे?

मग नाना म्हणाले, टॉर्चमधले असतात तसे मोठे सेल आणू, पेटीत भरू, झालं.

आता विजेवरचं एक मराठी पुस्तक मी तोवर तीनदा वाचलं होतं. दोनदा कळलं नाही म्हणून, आणि तिसऱ्यांदा कळलं म्हणून. मी पदर खोचला आणि त्यांना समजावून सांगितलं. या घंटेच्या तारेतून थोडी वीज रात्रंदिवस वाहत असते. ती तुटली की घंटा बोलते. म्हणजे सेल रात्रंदिवस गळणार आणि संपणार. आणि सेल मरतो तेव्हा सांगून मरत नाही. तो मेला हे आपल्याला चोर येऊन गेल्यावर कळणार. त्यापेक्षा मोटारीत असते तशी, पुन्हा भरता येणारी बॅटरी घ्या आणि तिला चार्जर जोडा. लाईन आहे तोवर चार्जर सगळं ओझं वाहील आणि बॅटरीही भरून ठेवील. लाईन गेली की बॅटरी पुढं होईल, घंटेला पत्ताही लागणार नाही. एक रात्र आणि वर अर्धा दिवस निघेल एवढी मोठी बघा. आणि ती स्वयंपाकघरात नको, भरताना तिच्यातून वायू निघतो, चुलीपासून लांब हवेशीर ठेवा.

कमिटीच्या माना हलल्या. नानांची हलली नाही. कोर्टात हरलेला वकील फी तरी घेऊन घरी जातो, इथं तेही नव्हतं. ते म्हणाले, “वहिनी, एवढा खटाटोप कशाले? तुम्हीच दारात खाट टाका. तुमच्या आवाजापुढं मालगाडी बी थांबते.”

सगळे हसले. मी हसले नाही. “दारात बसायचं वय झालं नाही माहं,” एवढंच म्हटलं आणि ते बोलणं मनात नीट घडी घालून ठेवलं.

शेवटी तोड निघाली ती अशी, की बॅटरी मी निवडायची आणि चार्जर नानांनी आणायचा. म्हणजे नवरी माझ्याकडची आणि नवरा त्यांच्याकडचा. असल्या लग्नात पुढं काही बिघडलं की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मिस्त्रीनं दोघांना जोडून दिलं. बॅटरीच्या दोन टोकांपैकी एकावर त्यानं लाल रंगाचा ठिपका दिला आणि मला बजावलं, लाल वायर लाल ठिपक्यालाच, उलटी जोडली तर चार्जर जळेल, यात हयगय नको. मी म्हटलं, पुस्तकात आहे ते, तू शिडी उतर.

आणि काय काम केलं हो त्या जोडीनं! लाईन जायची, यायची, घंटा जागीच. एकदा भर मालगाडीत कोणाच्या तरी बकरीनं स्वयंपाकघराचं दार ढकललं, तर अख्खी गल्ली काठ्या घेऊन अंगणात. बकरीनं पुन्हा आमच्या फाटकाकडं बघितलं नाही. मी किसनरावांना निरोप धाडला, या आणि डोळ्यांनी बघून जा.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी नांगर, कुऱ्हाड, शिवणयंत्र, तराजू, सगळ्यांना आंघोळ, पूजा आणि एक दिवस सुट्टी. नाना वकील तर कायद्याच्या पुस्तकांना कुंकू लावतात. मग पोरींसाठी रात्रंदिवस जागणाऱ्या बॅटरीला तसंच ठेवायचं? माझ्या मनाला ते पटेना. मी वायरी सोडल्या आणि बॅटरी पाटावर घेतली. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा मळ साचला होता. पितळेवर साचतो तसा मळ, मग त्याला पितळेचाच उपाय. चिंच घेतली आणि घास घास घासली. टोकं अशी लखलखली की काय सांगू. मळ गेला. मळासोबत आणखी काय गेलं, ते बघायचं मला सुचलं नाही.

मग हळदीकुंकू. एका टोकाला बोट लावलं. दुसरं शेजारीच. दोन सवाष्णी दारात आल्या तर एकीला लावून दुसरीला कोरडी पाठवतात का? त्यालाही लावलं. भरपूर लावलं. झेंडूचा हार घातला, नारळ ठेवला. भाऊजींच्या चार्जरला एक फूल वाहिलं. एकच.

पूजा झाली. किसनराव दुपारच्या एसटीनं यायचे होते, म्हणून सुट्टी अर्ध्यावर आणून मी वायरी जोडायला बसले. लाल वायर हातात घेतली, लाल टोक शोधलं. लगेच सापडलं. जोडली. दुसरी दुसऱ्याला टेकवली मात्र, तड करून ठिणगी उडाली, चार्जर डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा घूं घूं करायला लागला आणि त्यातून जो धूर निघाला, त्याचा वास! सडकी अंडी जळक्या लसणात घालून फोडणी दिल्यासारखा. पुरण शिजत होतं, ते सोडून पोरी ओसरीवर पळाल्या. आणि त्या धुरातून फाटक उघडून आत कोण आलं? किसनराव.

त्यांनी वास घेतला. स्वयंपाकघराचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. घंटा मुकी. सुमनला म्हणाले, पेटी आण. ती आत गेली आणि पेटी घेऊन आली, पण चालली अशी, की जणू पेटीत दगड भरलेत.

कोणीतरी नानांना बोलावून आणलं, आणि मी त्यांच्यावर तुटून पडले. ते सुरुवातीला ऐकलंतच तुम्ही.

बॅटरी चांगली, म्हणजे चार्जर खोटा, हे माझं. चार्जर चांगला, म्हणजे बॅटरी खोटी, हे त्यांचं. नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे मांडवात भांडावेत तसे आम्ही भांडलो. शेवटी नानांनी वकिली काढली.

“वायर कोणी जोडली?”

“मी.”

“बराबर जोडली?”

“लाल वायर लाल टोकाले. लहान लेकरू बी जोडीन.” आणि एवढ्यावर थांबले असते तर मी कसली? मी पुढं म्हणाले, “माह्या हातची चूक निघाली, तर तुम्ही सांगसान ते करीन, समद्यांसमोर.”

किसनरावांनी पेटी खाली ठेवली. त्यांनाही बघायचं होतं. मी सगळ्यांना बॅटरीपाशी नेलं, बोट पुढं केलं आणि म्हणाले, “हे पाहा लाल.”

आणि बोट तिथंच राहिलं.

नाना हात मागं बांधून वाकले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आवाज एकदम मऊ केला. “कोणतं लाल, वहिनी? हे का ते?”

एरवी दर घडीला जाणारी मालगाडी नेमकी तेव्हा येईना. मग मागून एक हसू फुटलं, दाबलेलं. सुमनचं होतं. पोर रडवेली होती, तरी हसली, आणि लगेच पेटीकडं बघून गप्प झाली.

मला अजून भांडता आलं असतं. दोष द्यायला मिस्त्री होता, चिंच होती, ठिपक्याचा रंग कच्चा होता. पण किसनरावांचा हात पुन्हा पेटीच्या कडीकडं निघाला होता, आणि ‘सांगसान ते करीन’ म्हटलेलं वसूल करायला नानांनी तोंड उघडलं होतं. त्यांच्या आधी मी बोलले. दसरा करून सुमन परत आली, आणि येताना बापानं तिच्यासोबत बोर्डिंगसाठी पितळी घागर पाठवली. नानांनी दुसरा चार्जर आणला, आणि पहिल्याबद्दल माझ्यासमोर तरी पुन्हा चकार शब्द काढला नाही. हे सगळं झालं ते मी तेव्हा बोलले त्या एका वाक्यावर.

मी म्हणाले, “भाऊजी, चार्जर तुमचा चांगलाच होता, आता तुम्ही म्हणलं होतं तशी माही खाट दारात टाका, अन् किसनराव, दुसरा चार्जर येईपर्यंत पोरींची घंटा मीच, मले लाईन लागत नाही, बॅटरी लागत नाही, अन् माहं तोंड सुलटं जोडा का उलटं जोडा, वाजतेच.”