फासानंतरचं पान

धाकट्या भावाच्या, वसंताच्या बायकोने त्याची जुनी कॉमिक्स माझ्या रद्दीच्या दुकानात आणली. वरच्याच कॉमिकात दरोडेखोर फासावर लटकलेला होता. पुढची पानं फाटलेली होती आणि शिवणीत सुई तशीच अडकलेली होती.

पूर्वी माझ्याकडे फाटकी कॉमिक्स वसंताच शिवायचा, हाती लागतील ती दुसऱ्या गोष्टींची पानं जोडून. फासावर गेलेला दरोडेखोर त्याच्या हातून पुढच्या पानावर चंद्रावर उतरायचा. गिऱ्हाईक भांडलं की म्हणायचा, “काका, दोर कच्चा होता!”

पुढे माझीच गिऱ्हाइकं फोडून त्याने समोर दुकान थाटलं. तो राग अजून गेलेला नाही.

“दादा, शिवणारा गेला. तुम्ही खांदा द्यायलाही आला नाहीत. आता भाव तरी लावा,” ती म्हणाली.

तिने मागितला तो भाव दिला. कागदावरच्या मरणाला दुसऱ्या गोष्टीचं ठिगळ लावता येतं. संध्याकाळपर्यंत गठ्ठे उपसले. दरोडेखोराला खाली उतरवणारं पान मिळालं नाही.